पिवळ्या इंजिनावरची ढाल

१९४८ साली न्यूयॉर्कच्या लायोनेल कंपनीने एक खेळण्यातलं डिझेल इंजिन बाजारात आणलं. जनरल मोटर्सच्या एफ-३ इंजिनाची हुबेहूब नक्कल, दोन रंगांत. एक सांता फे रेल्वेचं, लाल नाकाचं आणि चंदेरी अंगाचं. दुसरं न्यूयॉर्क सेंट्रलचं, करड्या रंगावर विजेच्या आकाराचे पट्टे असलेलं. साचे बनवायचा खर्च बराच होता, पण तो लायोनेलने एकटीने सोसला नाही. जनरल मोटर्स आणि त्या दोन रेल्वे कंपन्यांनी त्यात वाटा उचलला. मोबदला काय, तर इंजिनावर ठळक नाव आणि जनरल मोटर्सचा एक इवलासा शिक्का. नाताळात मुलगा ते इंजिन दिवाणखान्यात फिरवणार, घरभर सांता फेचं नाव होणार, आणि पुढच्या सुट्टीत कॅलिफोर्नियाला जायचं ठरलं की तिकीट कुणाचं काढायचं यावर फार चर्चा होणार नाही. रेल्वेच्या दृष्टीने सौदा स्वस्तातच पडला.

छप्पन्न वर्षांनी, २००४ मध्ये, त्याच लायोनेलवर एका रेल्वे कंपनीने दावा ठोकला. आमचं नाव आणि चिन्ह परवानगी न घेता, पैसे न देता खेळण्यांवर छापता, अशी तक्रार. दावा करणारी कंपनी यूनियन पॅसिफिक, नेब्रास्कातल्या ओमाहाची. सोबत अ‍ॅथर्न ही दुसरी मॉडेल बनवणारी कंपनीही प्रतिवादी होती.

या छप्पन्न वर्षांत बदललं काय, याचा विचार मी बराच केला आहे. वकील वाढले हे एक उत्तर झालंच. पण मला वाटतं खरी गोष्ट १ मे १९७१ ची आहे. त्या दिवशी अमेरिकेत प्रवासी गाड्या चालवणारी सरकारी कंपनी अ‍ॅमट्रॅक सुरू झाली आणि बहुतेक खासगी रेल्वे कंपन्यांनी प्रवासी गाड्यांतून अंग काढून घेतलं. उरली मालवाहतूक. कोळसा, गहू, मक्याचं सरबत, कंटेनर. कोळसा पाठवणारा माणूस मुलाचं खेळणं बघून वॅगन बुक करत नाही. ज्या घटकेला रेल्वेला सामान्य माणसाची गरज उरली नाही, त्या घटकेला दिवाणखान्यातली ती जाहिरातही बिनकामाची झाली. आणि बिनकामाची वस्तू दुसरा कुणी विकून पैसे कमावतोय म्हटल्यावर हिशेबखात्याचे डोळे उघडतात.

यूनियन पॅसिफिकचं माझं खूळ जुनं आहे. अब्राहम लिंकन यांनी १८६२ मध्ये सही केलेल्या कायद्यातून ही रेल्वे जन्मली, आणि आज ती मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या २३ राज्यांत पसरली आहे. पिवळी इंजिनं, वर करडं छत, मध्ये लाल रेघ, आणि तांबड्या-पांढऱ्या-निळ्या रंगांतली ती ढाल. हे मी आधी पुस्तकांत आणि मग कंप्यूटरवर पाहिलं. २००१ साली मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर आला. दोन सीडींचा तो खेळ आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या कुरकुरणाऱ्या मशीनवर कसाबसा चढला. खेळातला अमेरिकेचा मालगाडीचा मार्ग होता मॉन्टाना राज्यातला मरायस पास, आणि तिथे धावायची बीएनएसएफ या रेल्वे कंपनीची नारिंगी इंजिनं. नारिंगीही देखणीच होती. पण पिवळं इंजिन पेटीत नव्हतं.

ते मिळालं शौकीन लोकांकडून. या खेळात इंजिनाचं अंग म्हणजे एक चित्र असतं, एस (ACE) नावाच्या फाइलमध्ये गुंडाळलेलं, आणि ते चित्र उलगडून रंगवता येतं. समोर दिसतं ते इंजिन नसतंच. कातडी सोलून फळ्यावर ताणावी तसा एक चौकोन असतो. डावी बाजू वर, उजवी खाली, छत एका पट्टीत, नाक कोपऱ्यात. कुणीतरी कुठल्यातरी देशात रात्री जागून त्या चौकोनात पिवळा रंग भरलेला असायचा. ढालीच्या वाट्याला यायचे जेमतेम वीस-तीस ठिपके. एवढ्या जागेत वरची निळी पट्टी, त्यातली अक्षरं आणि खालचे तांबडे पट्टे बसवायचे. जवळून पाहिलं तर नुसता रंगाचा गचका. पण चार डब्यांच्या अंतरावरून ती बरोबर यूनियन पॅसिफिकची ढाल दिसायची. या कामाचे कुणी पैसे घेत नसे.

मॉडेलवाल्यांचं काम याहून नाजूक. माझ्या ओळखीचे एक काका न्यू जर्सीतून निवृत्त होऊन पुण्याला आले ते तीन बॅगा भरून गाड्या घेऊन. सगळ्या एचओ मापाच्या, म्हणजे मूळच्या सत्याऐंशीव्या हिश्शाच्या. पुण्याला हे माप अगदीच परकं नाही. कोथरूडला जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहेच, आणि तिथे मुलं काचेला नाक लावून उभी असतात. काका मात्र कंपनीने न रंगवलेली कोरी इंजिनं विकत घेत आणि स्वतः रंगवत. खऱ्या इंजिनावरचं फूटभर उंचीचं अक्षर या मापात साडेतीन मिलिमीटरचं होतं. ते डीकॅलच्या कागदावर छापलेलं येतं. नखाएवढा तुकडा कापायचा, कोमट पाण्यात टाकायचा, पारदर्शक पापुद्रा कागदावरून सुटायला लागला की ओल्या ब्रशने इंजिनाच्या अंगावर सरकवायचा. मग वरून एक द्रावण लावायचं, म्हणजे तो रिव्हेटांच्या उंचसखल भागावर चपखल बसतो. हवेचा बुडबुडा राहिला तर सुईच्या टोकाने फोडायचा. हे चालू असताना काका श्वास रोखून धरत आणि मी बोललो की रागवत.

त्यांच्याकडूनच मला पहिल्यांदा रॉयल्टीचा प्रकार कळला. नव्या शतकाच्या सुरुवातीला यूनियन पॅसिफिकने जाहीर केलं होतं की यापुढे आमच्या चिन्हांसाठी मॉडेल कंपन्यांनी परवाना घ्यायचा आणि विक्रीवर रॉयल्टी द्यायची. काहींनी मुकाट्याने सही केली. रॉयल्टी अर्थातच गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणार होती. काका म्हणाले होते, "अरे, ज्या कंपनीतून मी आयुष्यात एक पोतंसुद्धा पाठवलं नाही, तिची जाहिरात मी स्वतःच्या खर्चाने स्वतःच्या बैठकीत करतोय. आणि वर तिलाच पैसे द्यायचे?"

बाहेरच्याला वाटेल, मग दुसऱ्या रेल्वेचं मॉडेल करा की. इथेच या छंदाची मेख आहे. अमेरिकेत एका कंपनीची वॅगन दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून सर्रास जाते. प्रत्येक वॅगनवर दोन ते चार अक्षरांची मालकाची खूण असते, आणि ती खूण घेऊन ती देशभर भटकते. न्यू इंग्लंडमधल्या एखाद्या लहानशा फाट्याचं मॉडेल करायचं म्हटलं, तरी त्या फाट्यावर यूनियन पॅसिफिकची ढाल असलेला एखादा शीत-डबा उभा असणारच, कारण पश्चिमेकडची फळं आणि भाज्या अशा डब्यांतून यायच्या. एक कंपनी वगळून चित्र पुरं होत नाही. ढाल टाळायची तर खोटं दृश्य उभं करावं लागतं, आणि खोटं दृश्य या लोकांना सहन होत नाही. रिव्हेट मोजणारी जमात ही.

आपल्याकडे वहिवाट नावाची गोष्ट आहे. शेताच्या बांधावरून गाव पन्नास वर्षं जात-येत असेल, मालकाने कधी हूं की चूं केलं नसेल, आणि एके दिवशी त्याने काटेरी कुंपण घालून टोल मागितला, तर गाव कज्जा करणार. मॉडेलवाल्यांचं म्हणणं नेमकं हेच होतं. रेल्वे कंपन्यांनी वर्षानुवर्षं स्वतःहून नकाशे दिले, रंगांचे नमुने दिले, यार्डात फिरून फोटो काढू दिले. लायोनेलच्या साच्यांना तर पैसेही दिले. आता हक्क आठवला?

त्यातही लोक चिडले ते मेलेल्या रेल्वेंच्या नावांवरून. यूनियन पॅसिफिकने गेल्या काही दशकांत एकामागून एक शेजारी गिळले. मिसुरी पॅसिफिक, वेस्टर्न पॅसिफिक, शौकीन लोक जिला लाडाने केटी म्हणतात ती मिसुरी-कॅन्सस-टेक्सस, शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न, आणि १९९६ मध्ये सदर्न पॅसिफिक, जिच्या पोटात आधीच रिओ ग्रँड होती. सदर्न पॅसिफिकची करडी इंजिनं आणि लाल नाक यावर जीव टाकणारी माणसं यूनियन पॅसिफिकवर मनापासून खार खाऊन असतात, कारण त्यांच्या दृष्टीने हिनेच तिला संपवलं. आणि आता त्या संपलेल्या कंपनीचं नाव छोट्या इंजिनावर लिहायचं तर पैसे जाणार कुणाला, तर संपवणारीला! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

मला त्यांचा राग कळतो, पण कायद्याची बाजू अगदीच पोकळ नाही. ट्रेडमार्क ही पेटंटसारखी ठराविक मुदतीने संपणारी गोष्ट नाही. वापरत राहिलं तर ती शंभर वर्षं टिकते आणि वापरणं सोडलं तर हातची जाते. अमेरिकेच्या लॅनहॅम कायद्यात सलग तीन वर्षं चिन्ह वापरलं नाही तर ते सोडून दिलं असं सकृद्दर्शनी मानतात. आपल्या १९९९ च्या कायद्यात हीच मुदत पाच वर्षांची आहे. म्हणून विकत घेतलेल्या नावांचं करायचं काय, हा प्रश्न मोठ्या कंपन्यांना पडतोच. २००५ आणि २००६ मध्ये यूनियन पॅसिफिकने सहा नवी कोरी इंजिनं जुन्या सहा कंपन्यांच्या रंगांत रंगवली. क्रमांकही मुद्दाम निवडलेले: मिसुरी पॅसिफिकच्या रंगातलं १९८२, सदर्न पॅसिफिकचं १९९६, म्हणजे विलीनीकरणाची सालं. कंपनी म्हणाली, पूर्वजांना हा आमचा मुजरा. शौकीन मंडळी एकमेकांकडे बघून हसली. दावा कोर्टात असताना एकाएकी पूर्वजांची आठवण यावी आणि तीही रंगाच्या डब्यासकट, हे कुणालाच निव्वळ प्रेमाचं वाटलं नाही. मला विचाराल तर दोन्ही खरं असावं. रंगकामाचा हुकूम कायदे विभागाने दिला असेलही, पण ज्यांनी ती इंजिनं रंगवली त्यांचा हात कुठे कमी पडलेला दिसत नाही. मुद्दाम फोटो काढून बघा, रेघ न् रेघ जागच्या जागी.

हे प्रकरण सुटलं ते माइक वुल्फ यांच्यामुळे. मेरीलँडमधल्या त्यांच्या माइक्स ट्रेन हाउस या मॉडेल-गाड्यांच्या कंपनीने रॉयल्टी द्यायला नकार देऊन उलट दावा लावला. गंमत अशी की याच वुल्फनी त्याच काळात लायोनेलला व्यापारी गुपितं चोरल्याच्या वेगळ्या खटल्यात जेरीला आणलं होतं. २००४ मध्ये ज्युरीने चार कोटी डॉलरच्या वर भरपाई ठोठावली आणि लायोनेलला दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत जावं लागलं. तो निकाल पुढे वरच्या कोर्टात फिरला, ते सोडा. सांगायचं ते इतकंच की हा गृहस्थ भांडणाला भिणाऱ्यांतला नव्हता. नोव्हेंबर २००६ मध्ये यूनियन पॅसिफिक आणि वुल्फ यांच्यात समझोता झाला. वुल्फना कायमचा, बिनरॉयल्टीचा परवाना मिळाला आणि तीच सवलत बाकीच्या मॉडेल कंपन्यांनाही द्यायचं ठरलं.

परवाना मात्र राहिला. फुकट आहे, पण परवाना आहे, आणि ही शब्दांची कसरत नाही. मालकाने आपल्या चिन्हाचा वापर कसाही, कुणालाही, मालाच्या दर्जाकडे न बघता करू दिला, तर कोर्ट त्यालाही हक्क सोडणं समजू शकतं. त्यामुळे कंपनीला फुकट द्यायचं असलं तरी कागद करून, लक्ष ठेवून द्यावं लागतं. कंपनीची मान राहिली, मॉडेलवाल्यांचे पैसे वाचले. काकांनी त्या आठवड्यात सदर्न पॅसिफिकची दोन इंजिनं मागवली.

पण एक गोष्ट तशीच लोंबकळत राहिली, आणि मला या साऱ्या प्रकरणात तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. निकाल लागलाच नाही. छोट्या इंजिनावर खऱ्या इंजिनाचं नाव लिहिणं म्हणजे ट्रेडमार्कचा वापर आहे, की निव्वळ खऱ्या वस्तूचं वर्णन, हे अमेरिकेतल्या कुठल्या न्यायाधीशाने या खटल्यात सांगितलं नाही. युरोपात ते सांगितलं गेलं, पण मोटारीवरून. न्यूरेम्बर्गच्या ऑटेक नावाच्या कंपनीने रिमोटवर चालणारी ओपेल अ‍ॅस्ट्रा बनवली होती, चोविसाव्या हिश्शाची, जाळीवर ओपेलचं विजेचं चिन्ह असलेली. ओपेलने ते चिन्ह खेळण्यांसाठीही नोंदवलेलं होतं, त्यामुळे पारडं तिच्याकडे झुकायला हवं होतं. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं, २००७ मध्ये तिथून परत जर्मनीत आलं, आणि २०१० मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ओपेलला रिकाम्या हाताने परत पाठवलं. खेळणं विकत घेणारा माणूस ते चिन्ह बघून हे खेळणं ओपेलने बनवलंय असं समजत नाही. खऱ्या गाडीवर चिन्ह आहे म्हणून नकलेवरही आहे, इतकंच त्याला कळतं. मला हा निकाल फार आवडतो, कारण त्यात गिऱ्हाइकाला अक्कल आहे असं गृहीत धरलंय. पिवळं इंजिन घेताना काकांना कधी एक क्षणही वाटलं नसेल की ते ओमाहाच्या रेल्वे कारखान्यातून आलं आहे.

सिम्युलेटरची गोष्ट आणखी वेगळी. २००६ चा समझोता मॉडेलच्या गाड्यांपुरता होता. सॉफ्टवेअर हा निराळा माल आणि ट्रेडमार्कच्या नोंदवहीतही निराळा वर्ग. डव्हटेल गेम्स ही इंग्लंडमधली कंपनी आज जगभरचे मार्ग विकते. वायोमिंगमधला शर्मन हिल त्यांनी काढला तेव्हा त्यात यूनियन पॅसिफिकची इंजिनं नावानिशी आली. अमेरिकन कोर्टं खेळांच्या बाबतीत एरवी उदार असतात. २०२० मध्ये हमवी या लष्करी गाडीच्या कंपनीने कॉल ऑफ ड्यूटी या खेळावर केलेला दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेटाळला. खेळ खराखुरा वाटावा म्हणून खरी गाडी दाखवली तर तो कलेचाच भाग आहे, असा त्याचा सूर होता. मग रेल्वेचे खेळ काढणारे परवाने घेतातच कशाला?

याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, यार्डात आहे. इंजिनाचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा तर कुणीतरी इंजिनाजवळ जाऊ द्यावं लागतं. कॅबमधल्या ब्रेकच्या दांड्याचे फोटो हवेत, सिग्नलचे नियम हवेत, चालकाशी बोलायला हवं. हे सगळं फाटकाच्या आत आहे आणि फाटकावर मालक उभा आहे. शिवाय छोट्या कंपनीला खटला जिंकणंही परवडत नाही. म्हणून कुणी परवाना घेतो, आणि कुणी सरळ काल्पनिक रेल्वे उभी करतो, काल्पनिक चिन्हासकट. तिसरा मार्ग मी बऱ्याच विकत घेतलेल्या मार्गांवर पाहिला आहे: इंजिन तेच, पिवळा-करडा रंग ओळखीचा वाटेल असा, पण अंगावर अक्षर एकही नाही. विकणारा अगदी सोवळा. चार दिवसांत कुणीतरी शौकीन फुकटची फाइल काढतो आणि नाव, क्रमांक, ढाल सगळं जागेवर येतं. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं, रेल्वेलाही बहुधा असतं, आणि कुणीच काही बोलत नाही. मॉडेलवाल्यांनी जे कोर्टात भांडून मिळवलं, ते इथे डोळेझाक करून चालतं. मला ही व्यवस्था ठिसूळ वाटते. उद्या एखादा नवा अधिकारी यायचा आणि नोटिसा निघायच्या.

आपल्याकडे हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. लहानपणी व्यापार खेळताना आम्ही रेल्वे, बेस्ट आणि एअर इंडिया बिनदिक्कत विकत घेत होतो, आणि भाडं नाही दिलं तर मारामारी व्हायची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विसर्जित झाली. तिची ती घाटातली इंजिनं, ज्यांना मुंबईचे रेल्वेवाले खेकडा म्हणायचे, त्यांचं मॉडेल उद्या कुणी केलं आणि अंगावर जी.आय.पी. लिहिलं, तर पैसे मागायला कुणी येईल असं मला वाटत नाही. सरकारी रेल्वेला दुर्लक्ष करण्याची जी सवय आहे, तिचा छंदिष्टांना असा फायदा होतो.

म्हणून इथे भांडणं झाली नाहीत असं मात्र नाही. मायक्रोसॉफ्टच्या त्या जुन्या खेळासाठी आपल्या पोरांनीही इंजिनं केली. डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूडीपी-४ ही भारतीय रेल्वेची डिझेल इंजिनं, मग कल्याण शेडचा, म्हणजे इंजिनांच्या ठाण्याचा, रंग, पुणे शेडचा रंग, खिडकीखाली शेडचं नाव अगदी देवनागरीत. प्रत्येक फाइलबरोबर वाचा-मला असा एक कागद यायचा, आणि त्यातली भाषा ओमाहाच्या वकिलांना लाजवील अशी. हे इंजिन माझ्या परवानगीशिवाय दुसरीकडे टाकायचं नाही, रंग बदलून आपलं म्हणायचं नाही, सीडीवर घालून विकायचं तर मुळीच नाही. एकदा एका मुलाने दुसऱ्याच्या पुणे शेडच्या इंजिनावर फक्त क्रमांक बदलला आणि स्वतःचं नाव लावलं, तेव्हा महिनाभर नुसती खडाजंगी चालली होती. मूळ कर्त्याने पुरावा म्हणून दाखवलं की बॅटरीच्या झाकणाजवळ त्याने मुद्दाम एक ठिपका चुकीच्या रंगाचा ठेवला होता, आणि तो ठिपका चोरलेल्या इंजिनावरही तसाच होता. रंगसंगती रेल्वेची, शेडचं नाव सरकारचं, खालचा सांगाडा कुणा तिसऱ्याच्या मॉडेलवरून घेतलेला. पण तो ठिपका त्याचा होता, आणि त्या महिन्यात यूनियन पॅसिफिकला शिव्या घालणारे आम्ही सगळे त्याच्या बाजूने उभे होतो.